मोडीत घातलेला पानाचा डबा

रविवारी आत्याला आणि लेकीला घेऊन पुण्यातल्या केळकर म्युझियमला गेलो. बाजीराव रोडवरून रोज जातो येतो, पण आत शेवटचं गेलो होतो ते शाळेच्या ट्रिपला, आणि तेव्हाचं डोक्यात राहिलंय ते फक्त कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महाल. तो भारीच आहे, पण त्याच्यावर सगळेच लिहितात.

मी अडकलो अडकित्त्यांपाशी (हो, मुद्दाम लिहिलंय 😄). सुपारी कातरायला एवढा थाट? पुढे वज्री होत्या, लेक म्हणाली बाबा, किती छान पेपरवेट! आत्या म्हणे, "अगं टाचा घासतात त्याने, न्हाताना." म्हणजे बघा, जिच्यावर पाय घासायचा त्या वस्तूवर पण कुणीतरी बसून मोर घडवलाय, आणि त्या कारागिराचं नाव कुणाला माहीत नाही.

आणि हे जमवलं कुणी, तर कुठल्या सरदाराने नाही, चष्म्याचं दुकान असलेल्या दिनकर केळकरांनी. 1920 च्या सुमारास सुरुवात केली, गावोगाव, जुन्या वाड्यांतून फिरले, बायको कमलाबाईंची साथ, आणि बघता बघता 20,000 च्या वर वस्तू! राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याचं नाव संग्रहाला दिलं आणि सगळं सरकारच्या हवाली केलं. 1980 साली पद्मश्री मिळाली, पण मला कौतुक त्या नजरेचं वाटतं. लोक तलवारी जमवतात, हा माणूस दिवे, फण्या, दौती पण तेवढ्याच मायेने जमवत होता. किल्ल्यांवरून फेसबुकवर तावातावाने भांडणारे आपण, आपापल्या माळ्यावर काय आहे ते बघत पण नाही.

माझं म्हणणं एवढंच, तिथे जाताना घरातलं म्हातारं माणूस सोबत न्या, दहा पावलांवर एक गोष्ट निघते. आत्या एका पानाच्या डब्यापाशी थांबली ती हलेचना. म्हणाली, असाच होता रे अण्णांचा, कप्पे कप्पे असलेला, तुझ्या आईने आणि मीच मोडीत घातला, स्टीलचे डबे घ्यायचे होते ना. पितळेचं वजन केलं त्याने, नक्षीचे काय पैसे देणार.

घरी येऊन आईला विचारलं. म्हणाली, "हो, पण ते स्टीलचे डबे अजून आहेत हो, एकालाही पोचा नाही."