काका, तुमचं घर वाचलं. पण बिल कुणाकडे गेलं?

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. घरपट्टी 1 टक्क्यावर रोखणारा आणि घर विकेपर्यंत त्याचं करपात्र मूल्य वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढू न देणारा कॅलिफोर्नियाचा प्रॉप 13 (प्रस्ताव क्र. 13), त्यावरचा माझा लेख तुम्हाला खटकला. 1978 साली तो प्रस्ताव आला नसता तर तुम्हाला सॅन होजेचं घर विकावं लागलं असतं, असं तुम्ही लिहिलंय. लोकांनी मत देऊन ठरवलेल्या गोष्टीला मी 'स्वार्थी' म्हणणं उर्मटपणाचं आहे, आणि सरकारच्या हाती पैसा दिला की तो उधळलाच जातो, असंही तुमचं म्हणणं आहे.

घराच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. सत्तरच्या दशकातल्या घरपट्टीबद्दल मी फक्त वाचलंय, तुम्ही ती भरलीय. पगार तेवढाच, घर तेच, आणि मूल्यांकनाचा आकडा मात्र फुगलेला. त्याच वेळी राज्याच्या तिजोरीत अब्जावधी डॉलर शिल्लक होते आणि आमदारांना वेळेत तोडगा काढता आला नाही. हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन यांच्या प्रस्तावाला 6 जून 1978 रोजी जवळपास 65 टक्के मतं मिळाली, ती लोक खरोखर घाबरलेले होते म्हणून.

पण घरपट्टीचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं, तरी आगीचा बंब, वाचनालय, शाळा यांचा खर्च तसाच राहिला. तो कुणी उचलला, हे माझ्या लेखात सांगायचं होतं. सुरुवातीला राज्याने शिल्लकीतून भर घातली. 1979 पासून मात्र घरपट्टीचा कुठला हिस्सा कुणाला मिळणार, हे सॅक्रमेंटो, म्हणजे राज्याची राजधानी, ठरवू लागलं. दर ठरवायचा अधिकार गावाकडे उरलाच नाही. पोहरा गावाचा, आड सॅक्रमेंटोचा.

उरलेला भार नव्याने येणाऱ्यांवर पडला. हिशोब मांडून बघा. 1975 साली 60 हजार डॉलर किंमत धरलेलं घर विकलं गेलं नसेल, तर दरसाल जास्तीत जास्त 2 टक्के वाढ धरून आज त्याचं करपात्र मूल्य साधारण 1 लाख 61 हजार होतं. 1 टक्क्याने घरपट्टी झाली सुमारे 1,600 डॉलर. त्याच गल्लीतलं तसंच घर आज कुणी 15 लाखांना घेतलं, तर त्याला 15 हजार भरावे लागतात. नळ, रस्ता, पोलीस दोघांना सारखेच. ही तफावत घटनेत बसते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1992 साली सांगितलं. ते मला मान्य आहे. पण घटनेत बसणारी प्रत्येक गोष्ट न्याय्य असते असं मला वाटत नाही.

आता आपल्याच माणसांकडे बघा. फ्रीमाँट, सनीव्हेलमध्ये एच-1बी या कामाच्या व्हिसावर राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं अलीकडे घर घेऊन पूर्ण घरपट्टी भरतात, आणि त्यांना मतच नाही. प्रस्ताव आला तर त्यांच्या खिशाचा निर्णय शेजारी घेणार. "लोकांनी ठरवलं" हे तुमचं वाक्य वाचताना मला हीच माणसं आठवत होती.

दुसरा परिणाम सहज दिसत नाही. नव्या घरांतून शहराच्या पदरात घरपट्टीचा थोडासाच हिस्सा पडतो; विक्रीकराचा स्थानिक 1 टक्का मात्र शहराला मिळतो. मग मोकळी जमीन दिसली की घरांपेक्षा मोटारींची दुकानं बरी वाटू लागतात. फ्रीमाँटमध्ये तर एका मोठ्या रस्त्याचं नावच ऑटो मॉल पार्कवे आहे. मुलांना इथे घर परवडत नाही, ही तुमची-माझी रोजची तक्रार. त्याची कारणं बरीच आहेत, पण त्यातलं एक हे.

शाळांचं सगळं खापर मी प्रॉप 13 वर फोडत नाही. श्रीमंत आणि गरीब भागांतल्या शाळांच्या पैशांतली तफावत घटनाविरोधी ठरवणाऱ्या सेरानो खटल्यातल्या निकालांनी शाळांच्या पैशांची मांडणी आधीच बदलायला घेतली होती. पण शाळेसाठी पार्सल टॅक्स (दर मालमत्तेमागे ठरावीक कर) लावायचा तर दोन तृतीयांश मतं लागतात. शंभरातल्या 66 जणांनी हो म्हटलं तरी तो पडतो. त्या मापाने प्रॉप 13 स्वतःही पास झाला नसता! मग सधन वस्तीत पालक वर्गणी काढून संगीताच्या शिक्षकाचा पगार देतात, आणि जिथे वर्गणी निघू शकत नाही तिथे संगीत बंद होतं. मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

सरकार उधळतं, म्हणता. उधळतं, आणि लगाम हवाच. पण तो गावच्या लोकांच्या हाती राहू द्या, दरवर्षी ओढता किंवा सैल करता येईल असा. प्रॉप 13 राज्यघटनेत आहे; तो बदलायचा तर पुन्हा राज्यभर मतदान घ्यावं लागतं. नुसता असा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणायला सध्या 8,74,641 ग्राह्य सह्या लागतात. एवढ्या सह्या गोळा करायला केवढा पैसा लागतो, हे मॉलबाहेर तक्ता घेऊन उभ्या असलेल्या पगारी पोरांना विचारा.

"मग तुमचा उपाय काय?" असं विचारलंत. तुमच्यासारख्यांचं संरक्षण काढू नये, हे आधी सांगते. 2020 च्या प्रॉप 19 ने 55 वर्षांवरच्या घरमालकांना जुनं करमूल्य राज्यात कुठेही सोबत नेण्याची मुभा दिली. तिला मी आनंदाने मत दिलं. पण ऑफिसच्या इमारती आणि मोठ्या कंपन्यांच्या जमिनी त्याच छत्रीखाली का? कंपनीला म्हातारपण येत नाही. त्याच वर्षीचा प्रॉप 15 त्यांना बाजारभावाने कर लावणार होता. राज्याच्या विधिमंडळ विश्लेषकांच्या अंदाजाने त्यातून शाळा आणि स्थानिक संस्थांना वर्षाला 6.5 ते 11.5 अब्ज डॉलर मिळाले असते. 52 विरुद्ध 48 टक्क्यांनी तो पडला. मी त्याच्या बाजूने होते, अजूनही आहे.

'स्वार्थी' हा शब्द मात्र चुकला. घर जाईल या भीतीने मत देणाऱ्याला मी स्वार्थी म्हणायला नको होतं. मूळ लेखातून तो आज काढला आहे आणि दुरुस्ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाली, अशी नोंद खाली टाकली आहे.