पावसातली शर्यत : थरार घसरण्याचा, धोका न दिसण्याचा

दर पावसाळ्यात, युरोपातील फॉर्म्युला वनच्या शर्यती ऐन भरात आलेल्या असताना, आमच्या बेळगावातील मित्रमंडळीत एक वाद हमखास उफाळून येतो. रविवारी संध्याकाळी साडेसहाला शर्यत सुरू व्हायची असते, पडद्यावर तिकडचा पाऊस दिसत असतो, खिडकीबाहेर आपला पाऊस कोसळत असतो, आणि गाड्या मात्र सेफ्टी कारच्या, म्हणजे सर्वांचा वेग रोखत पुढे चालणाऱ्या गाडीच्या, मागे रांगेत फिरत असतात किंवा पिट लेनमध्ये, म्हणजे संघांच्या गॅरेजसमोरच्या रस्त्यावर, उभ्या असतात. मग कोणीतरी म्हणतो, "भ्यालेत की सगळे! पूर्वीचे ड्रायव्हर असते तर गेले असते बघ." त्यावर दुसरा उत्तर देतो की जिवापेक्षा शर्यत मोठी नाही, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत वाद तिथेच घुटमळतो. या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता मान्य केलेली आहे, ती म्हणजे पावसातील थरार आणि पावसातील धोका एकाच झऱ्यातून येतात आणि एक कमी केला की दुसराही आटतो. मला हे पटत नाही. थरार येतो तो डांबरावरच्या पाण्यामुळे, आणि जिवावर बेतणारा धोका मुख्यतः हवेत उडालेल्या पाण्यामुळे. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे या खेळाने गेल्या काही वर्षांत प्रेक्षकांचे समाधानही गमावले आणि सुरक्षेचा प्रश्नही पुरता सोडवला नाही.

आधी थराराविषयी. कोरड्या ट्रॅकवर वळणातून जाण्याची एक ठरलेली रेषा असते, तिच्यावर टायरचे रबर घासून बसते आणि तिथेच सर्वाधिक पकड मिळते. पाऊस पडला की तीच रबर बसलेली रेषा बुळबुळीत होते. मग ड्रायव्हरला वळणाच्या बाहेरच्या बाजूने, जिथे एरवी कोणी फिरकत नाही अशा खरखरीत डांबरावर, पकड शोधत जावे लागते. इंजिनाची सगळी ताकद चाकांना पेलता येत नसल्याने श्रीमंत संघाच्या गाडीचा फायदा घटतो आणि पायाच्या अंगठ्याची जाण महत्त्वाची ठरते. शिवाय ट्रॅक सुकू लागला की फुल वेट (भर पावसाचे), इंटरमीडिएट (ओलसर ट्रॅकचे) आणि स्लिक (कोरड्या ट्रॅकचे गुळगुळीत) यांपैकी कोणते टायर कोणत्या फेरीला घ्यायचे, हा निर्णय एका फेरीने चुकला तरी अर्धा मिनिट सहज हातचा जातो. १९९६ साली मोनाकोत चौदाव्या स्थानावरून निघालेला ऑलिव्हिए पानिस लिजिए संघासाठी जिंकला तेव्हा शेवटी केवळ ३ गाड्या धावत होत्या. २००८ साली मोंझाला २१ वर्षांच्या सेबास्टियन फेटलने टोरो रोसोसारख्या छोट्या संघाच्या गाडीतून पहिला विजय मिळवला, तोही पावसातच. २०२५ साली सिल्व्हरस्टोनला निको हुल्केनबर्ग आपल्या २३९ व्या शर्यतीत प्रथमच पहिल्या तिघांत आला. कोरड्या दिवशी असे निकाल लागणे जवळपास अशक्य होते.

२०११ ची कॅनडाची शर्यत तर यातली कळस म्हणावी अशी आहे. जेन्सन बटन स्वतःच्या संघातील हॅमिल्टनशी धडकला, त्याला दंड झाला, एका टप्प्यावर तो अगदी शेवटच्या क्रमांकावर होता, आणि मधल्या प्रदीर्घ खंडासह ४ तास ४ मिनिटांहून अधिक चाललेल्या त्या शर्यतीच्या अखेरच्या फेरीत फेटलची गाडी किंचित घसरताच तो पुढे निघून गेला. त्या दिवशी शर्यत दोन तासांच्या आसपास थांबली होती. थांबण्याने थरार मरतो असे म्हणणाऱ्यांनी ही शर्यत पुन्हा पाहावी.

नशिबाचा भागही मी नाकारत नाही. २०२४ साली ब्राझीलमध्ये मॅक्स व्हर्स्टापन सतराव्या स्थानावरून निघून जिंकला, आणि त्याचे कौशल्य वादातीत असले तरी रेड फ्लॅग लागल्यावर, म्हणजे शर्यत थांबवली गेल्यावर, सर्वांना वेळ न गमावता फुकटात टायर बदलता येतात या नियमाचा त्यालाही लाभ झाला, तर त्याआधीच पिटमध्ये जाऊन टायर बदलून आलेल्या रसेल आणि नॉरिस या प्रतिस्पर्ध्यांचे नुकसान झाले. हा नियम मला अन्यायकारक वाटतो, पण तो पावसाचा दोष नव्हे.

आता धोक्याविषयी. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गावर काकतीहून संकेश्वरकडे जाताना, विशेषतः वंटमुरी घाटात, भर पावसात एखाद्या कंटेनरच्या मागे सापडलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको. आकाशातून पडणारा पाऊस वायपर हटवतो, पण पुढच्या चाकांनी उडवलेला चिखलपाण्याचा धुरळा काही हटत नाही, आणि आपण नुसत्या लाल दिव्याच्या अंदाजाने जात राहतो. तिथे वेग ताशी ५० किंवा ६० किलोमीटर असतो. फॉर्म्युला वनच्या गाडीला वायपर नसतो, ड्रायव्हरचे डोळे जमिनीपासून फारच कमी उंचीवर असतात, आणि ताशी ३०० किलोमीटर वेगाने ती गाडी दर सेकंदाला ८३ मीटर कापते. टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीच्या माहितीप्रमाणे त्या वेगात फुल वेट प्रकारचा एक टायर सेकंदाला ८५ लिटरपर्यंत पाणी बाजूला फेकतो. टायर आपले काम जितके चोख करतो तितकी मागच्याची दृष्टी अधू होते. त्यात २०२२ पासूनच्या गाड्यांचा तळ जमिनीला चिकटून धावण्यासाठी हवा खेचून घेत असे, आणि त्या हवेबरोबर ट्रॅकवरचे पाणीही उचलून मागे उंच उधळत असे. सर्वांत पुढच्या ड्रायव्हरला स्वच्छ रस्ता दिसतो, आणि दहाव्या क्रमांकावरचा माणूस पांढऱ्या भिंतीत पाय दाबून घुसतो, कारण वेग कमी केला तर मागचा त्याच्यावर येऊन आदळण्याची भीती असते.

(चोर्ला घाटात पावसाळी रविवारी दुचाक्या पळवणाऱ्यांनी वरच्या परिच्छेदातून धैर्याचा अर्थ काढू नये. तिथे समोरूनही वाहने येतात आणि सेफ्टी कार कोणी पाठवत नाही.)

हा धोका कल्पनेतला नाही. बेल्जियमच्या स्पा येथे ओ रूझ आणि रेदियों ही वळणे चढून गाड्या केमेलच्या लांब सरळ पट्ट्यावर येतात. जुलै २०२३ मध्ये खालच्या श्रेणीतील एका शर्यतीत, पावसात, याच पट्ट्यावर अवघ्या १८ वर्षांच्या डिलानो फान्ट हॉफचा मृत्यू झाला. उडणाऱ्या पाण्यात मागून येणाऱ्यांना पुढे काय झाले आहे ते दिसतच नव्हते. त्याआधी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, जपानच्या सुझुकाला ज्यूल बियांकी घसरून, दुसरी गाडी उचलायला आलेल्या यंत्रावर आदळला आणि ९ महिन्यांनी त्याचे निधन झाले. त्यानंतर व्हर्च्युअल सेफ्टी कारची, म्हणजे प्रत्यक्ष गाडी न पाठवता सर्वांना वेग कमी करायला लावण्याची, पद्धत आली आणि २०१८ पासून डोक्याभोवतीचे हेलो कडेही सक्तीचे झाले. तरीही २०२२ मध्ये त्याच सुझुकाला, तशाच पावसात, पिएर गास्ली एका उभ्या यंत्राच्या शेजारून गेला आणि रेडिओवर संतापाने ओरडला. तो संताप मी समजू शकतो. घसरणे हा ड्रायव्हरने पत्करलेला धोका आहे, आणि ट्रॅकवर क्रेन उभी असणे हा आयोजकांनी त्याच्यावर लादलेला.

"पूर्वीचे ड्रायव्हर" या युक्तिवादाला इतिहासच उत्तर देतो. १९७६ साली जपानमध्ये फुजीच्या मुसळधार पावसात निकी लाउडा दोन फेऱ्यांनंतर स्वतःहून गाडीतून उतरला. त्याच वर्षीच्या भीषण अपघातात भाजलेला हा माणूस भित्रा होता असे कोणी म्हणणार नाही. त्या निर्णयाने त्याचे विजेतेपद जेम्स हंटकडे गेले, फक्त एका गुणाने. १९८४ साली मोनाकोत पावसामुळे शर्यत अर्ध्याच्याही आधी थांबवली गेली, तेव्हा टोलमन संघाच्या दुबळ्या गाडीतून तरुण आयर्टन सेना आघाडीवरच्या प्रोस्टला झपाट्याने गाठत होता. प्रोस्ट विजयी घोषित झाला, पण गुण अर्धेच म्हणजे साडेचार मिळाले. वर्षाअखेरीस तो लाउडाकडून अर्ध्या गुणाने हरला. शर्यत पूर्ण होऊन तो दुसरा आला असता तर ६ गुण मिळून तोच जगज्जेता झाला असता. शर्यत थांबवण्याचे प्रकार आणि त्यावरची भांडणे त्या सोनेरी काळातही होती, एवढेच मला दाखवायचे आहे.

लाज वाटावी असा प्रसंग खरे तर अलीकडचा आहे. २९ ऑगस्ट २०२१ रोजी स्पाला दिवसभर पाऊस पडत राहिला, हजारो माणसे चिखलाच्या उतारावर भिजत बसली, आणि तीन तासांहून अधिक काळ वाट पाहायला लावून गाड्यांना सेफ्टी कारच्या मागे मोजक्या फेऱ्या मारायला लावल्या व त्याला शर्यत असे नाव देऊन अर्धे गुण वाटले. त्या दिवशी शर्यत न घेण्याचा निर्णय माझ्या मते योग्यच होता. ती झाली असे भासवणे मात्र चुकीचे होते. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्याखेरीज गुण मिळणार नाहीत असे ठरले, हे बरे झाले.

पण मूळ दुखणे तसेच राहिले. फुल वेट टायर आहेत, पण ते वापरण्याइतके पाणी असले की समोरचे दिसत नाही म्हणून शर्यत थांबते, आणि दिसण्याइतके पाणी ओसरले की इंटरमीडिएट टायर अधिक वेगवान ठरतात. म्हणजे खऱ्या पावसाचे टायर बहुतांशी सेफ्टी कारच्या मागे फिरण्यापुरतेच उरले. २०२५ च्या जुलैमध्ये स्पालाच शर्यत सुमारे ८० मिनिटे उशिरा सुरू झाली, तीही सेफ्टी कारच्या मागून, आणि थोड्याच फेऱ्यांत ट्रॅक स्लिक टायरना योग्य झाला. काही संघांनी तर पावसाच्या आशेने गाडीचे सेटिंग बदलून पिट लेनमधून सुरुवात पत्करली होती, ती बरीचशी वाया गेली. त्या दिवशी आमच्या गटात आयोजकांवर भरपूर आगपाखड झाली. मी तिच्यात सामील झालो नाही, कारण ज्या पट्ट्यावर दोन वर्षांपूर्वी एक मुलगा गेला तिथे आंधळेपणाने वीस गाड्या सोडायला मी स्वतः तयार झालो नसतो.

उपाय यंत्रांच्या बाजूने शोधायला हवा. चाकांवर मडगार्डसारखी आवरणे लावून पाहण्याचे प्रयोग २०२३ मध्ये सिल्व्हरस्टोनला आणि २०२४ मध्ये फिओरानोला झाले, पण चाके झाकली तरी गाडीच्या तळातून उडणारे पाणी राहतेच असे दिसून आले. फॉर्म्युला वनचे तेव्हाचे प्रमुख बर्नी एक्लस्टोन यांनी २०११ साली शर्यतीत थरार आणण्यासाठी कृत्रिम पाऊस पाडण्याची सूचना केली होती आणि लोक त्यांना हसले. तमाशासाठी ती कल्पना मलाही हास्यास्पद वाटते, पण पाणी शिंपडण्याची सोय असलेले ट्रॅक आहेत, आणि शर्यतीच्या दिवशी प्रेक्षकांना ताटकळत ठेवण्यापेक्षा तिथे वर्षभर चाचण्या घेण्यात पैसा घालणे केव्हाही शहाणपणाचे. दुसरे म्हणजे, सुरुवातीचे क्रमांक ठरवणाऱ्या पात्रता फेरीनंतर, पिट लेनमधून सुरुवात पत्करल्याशिवाय, गाडीच्या जमिनीपासूनच्या उंचीला २०२५ पर्यंत हात लावता येत नसे; हा नियम पाऊस जाहीर झाल्यास शिथिल असायला हवा. अगदी खाली बसवलेला तळ साचलेल्या पाण्यावर टेकला की गाडी तरंगते, आणि मग कौशल्याचा काही उपयोग राहत नाही. सर्व संघांना ठरावीक मिलिमीटरने गाडी उचलायला लावली तर कोणावर अन्याय होणार नाही.

२०२६ च्या नियमांत टायर अरुंद झाले आहेत आणि तळाची खेचही कमी करण्यात आली आहे. त्याने पाण्याचा उधळा किती घटतो, हे एखाद्या धो धो पावसाच्या शर्यतीतच कळेल. त्या दिवशी आघाडीवर कोण आहे हे मित्र सांगतीलच, मी दहाव्या-बाराव्या क्रमांकाच्या गाडीवरचा कॅमेरा पाहणार आहे.