मठाचे दगड, गडाचे दगड

शाळेच्या ग्रुपवर पुन्हा तेच. गडाखालच्या एका गोठ्याच्या भिंतीत बसवलेल्या, गडावरच्या घडीव दगडाचा फोटो कुणीतरी टाकला आणि खाली रांग लागली: "आपल्या लोकांना किंमतच नाही. इंग्रज बघा, कसं जपतात!" वर मलाच टॅग, मी इंग्लंडात राहतो म्हणून.

बघतो ना मी. लीड्सहून रिपनच्या बाजूला निघालं की फाउंटन्स ॲबी. 1132 साली यॉर्कच्या मठातून भांडून बाहेर पडलेल्या 13 साधूंनी वसवलेला मठ, पुढे मेंढ्यांच्या लोकरीवर गबर झालेला. 1539 मध्ये आठव्या हेन्रीनं त्याला कुलूप लावलं आणि पुढच्या वर्षी मालमत्ता लंडनच्या एका व्यापाऱ्याला विकली. छपरावरचं शिसंसुद्धा उतरवून वितळवलं. आणि दगड? जवळच फाउंटन्स हॉल आहे, तिथे बघा. 1597 मध्ये स्टीफन प्रॉक्टरनं ही जागा घेतली आणि मठाचेच दगड लावून हवेली उठवली. मोठाल्या खिडक्या, दर्शनी भिंतीवर पुतळे, सगळा थाट. तिला कुणी चोरी म्हणत नाही, वारसा म्हणतात.

जपलं तेही कशापायी? 1767 मध्ये शेजारच्या स्टडली रॉयल इस्टेटीच्या मालकानं, विल्यम एझ्लबीनं, 18,000 पौंड मोजून हे अवशेष घेतले, ते बागेच्या टोकाला शोभेला. श्रीमंताची हौस! युनेस्कोचा शिक्का बसला 1986 मध्ये.

1818 च्या मे महिन्यात रायगडावर तोफा डागल्या, वाडे जळाले, ते कुणामुळे? यावर ग्रुप गप्प. गोठेवाला दिसतो, कंपनी सरकार दिसत नाही.

हे सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, "तू तिकडे बसून शिकवू नकोस."

झोंबलं. हा मठ आता सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची वर्गणी मी नेमानं भरतो. देशातून पाहुणे आले की मठाच्या तळमजल्यावरच्या लांबच लांब कमानी अशा ऐटीत दाखवतो, जणू माझ्याच पणजोबांनी बांधल्यात. आणि आजोळच्या घराची पायरी गडावरच्याच दगडाची होती. टाकीचे घाव स्पष्ट दिसायचे. आजी तिच्यावर बसून शेंगा सोलायची. आजी चोर?

गोठेवाल्यासाठी भांडत होतो तो खरं तर तिच्यासाठी. पण ग्रुपवर पायरीचा विषय काढला नाही. काढला असता, तर ती आता कुठाय, हेही सांगावं लागलं असतं. घर पाडलं तेव्हा मी इथेच होतो, आणि दगडाचं काय झालं हे मामाला अजून विचारलेलं नाही.