एका रॅपची गुंडाळागुंडाळ

दुपारच्या डब्याला कंटाळलात असं नुसतं म्हणून बघा, कुणी ना कुणी लगेच सुचवतं, "रॅप कर की! दहा मिनिटांत होतो, आणि एका हाताने खाता येतो." असा सल्ला देणारे स्वतः रॅप विकत आणून खातात, असा माझा जुना संशय आहे. त्यांची ती दहा मिनिटं मोजायला सुरुवात होते ती चिकन शिजलेलं, भाज्या चिरलेल्या आणि ओटा पुसलेला असताना.

पहिलं नाटक टॉर्टियाचं, म्हणजे ज्या मेक्सिकन पोळीत सारण गुंडाळून रॅप होतो तिचं. पाकिटातून काढून तशीच दुमडली, तर बरोबर घडीवर तडकते. गार झाल्यावर तिच्यातला स्टार्च ताठर होतो. तव्यावर दोन्ही बाजूंनी काही सेकंद शेकली की तो मवाळ होतो, पण तेवढ्यापुरताच. म्हणजे सॉसच्या बाटलीचं झाकण अडकून बसलं, तर ते उघडेपर्यंत बाईसाहेबांचा मूड बदललेला असतो. मक्याची टॉर्टिया चवीला भारी, पण मक्यात ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, नाही. पोट भरेल एवढा मोठा रॅप वळायचा तर गव्हाचीच बरी.

मग चिकन. आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस गाठलं पाहिजे, इथे तडजोड नाही. कापायचं ते धाग्यांना आडवं. उभं कापलं तर पहिल्या घासाला अख्खी पट्टी दातांबरोबर बाहेर येते आणि आपण चारचौघांत हनुवटीवर चिकन लोंबकळवत बसतो. पुढचा पेच निराळाच. गरम भरलं तर वाफेने टॉर्टिया भिजते, म्हणून निवू द्यायचं. पण ५ ते ६० अंशांच्या मधे जंतूंची चंगळ असते, म्हणून दोन तासांपेक्षा जास्त बाहेरही ठेवायचं नाही. तेव्हा चिकन फ्रिजमध्ये गार करायचं आणि डब्यात बर्फाची पिशवी घालायची. या चिकनची सकाळपासून जी बडदास्त असते, ती मला आजारपणातही मिळालेली नाही.

भाज्यांमध्ये ढोबळी मिरची सज्जन. गाजरही. काकडीवर लक्ष ठेवावं लागतं. खरा घातकी टोमॅटो! वरून मीठ भुरभुरलं की तो जे पाणी सोडायला लागतो, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबत नाही. म्हणून त्याच्या बिया आणि गर काढून टाकायचा, मीठ चिकनलाच लावायचं, टॉर्टियावर आधी लेट्यूसची कोरडी पानं अंथरायची आणि सॉस मधोमध, चिकनच्या कुशीत घालायचा. एवढं केलं की उरलेल्या टोमॅटोला टोमॅटोची चव राहत नाही, हा भाग वेगळा.

सारण टॉर्टियाच्या एक तृतीयांश भागातच मावेल इतकं घ्यावं असं म्हणतात. एक तृतीयांश! ते समोर ठेवलं की उंदराला जेवायला बोलावल्यासारखं दिसतं. मग मूठभर आणखी पडतं, आणि भूमिती बिघडते. दोन्ही कडा आत, खालची बाजू वर, सारण मागे ओढत घट्ट वळायचं, म्हणजे थोडक्यात बाळाला दुपट्यात गुंडाळायचं. फक्त हे बाळ एकाच वेळी चारही बाजूंनी पाय बाहेर काढतं.

अंतराळात मात्र याच टॉर्टियाचं कोण कौतुक! नोव्हेंबर १९८५ मध्ये मेक्सिकोचे पहिले अंतराळवीर रोदोल्फो नेरी वेला ‘अटलांटिस’ यानातून गेले, तेव्हा टॉर्टिया सोबत होत्या. पावाचा चुरा यानात तरंगत राहतो आणि यंत्रांत, डोळ्यांत जातो. टॉर्टियाचा फारसा चुरा होत नाही. नासाने ती उचलून धरली ती आजतागायत. त्यांचं बरोबरच आहे. तिथे सॉस खाली ओघळत नाही, असेल तिथेच चिकटून बसतो. इथे वरच्या टोकाला चावा घेतला की खालच्या टोकातून तो मनगटावर येतो आणि तिथून कोपराचा रस्ता धरतो. त्याला अडवायला दुसरा हात लागतो, आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो.

रॅपभोवती गुंडाळलेली फॉइल खालून न काढता वरून थोडी थोडी सोलत खाल्लं तर बरंच निभावतं. तरीही शेवटी हातात टॉर्टियाची जाडजूड, कोरडी गाठ उरते आणि चिकन, मिरची, गाजर सगळं फॉइलच्या तळाशी जमलेलं असतं. चमच्याने खाल्लं तर ते फार छान लागतं. मी हल्ली डब्यात चमचा टाकतो.