‘दोन आयएसपी घेतले की झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फेलओव्हरच्या (एक इंटरनेट लाईन पडली की दुसरीवर जाण्याच्या) लेखावर तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचा मुद्दा असा, की तीस-चाळीस माणसांच्या ऑफिसला दोन आयएसपी (इंटरनेट देणाऱ्या कंपन्या) आणि एक ड्युअल वॅन राउटर, म्हणजे दोन लाईन जोडता येणारा राउटर, पुरतो. एक लाईन गेली की राउटर आपोआप दुसरी घेतो, मग लहान धंद्याला बीजीपीचं (आपले आयपी पत्ते अनेक आयएसपींमार्फत जाहीर करणाऱ्या प्रोटोकॉलचं) ओझं कशाला?

बीजीपीबाबत तुमचं बरोबर आहे. स्वतःचा एएस नंबर (स्वतंत्र नेटवर्कचा ओळख क्रमांक) आणि आयपी पूल (पत्त्यांचा संच) नसेल, तर भोसरीच्या शाखेतून मुख्य ऑफिसच्या ईआरपीवर (धंद्याच्या सॉफ्टवेअरवर) काम करणाऱ्या कंपनीला त्याचा उपयोग नाही. ‘आपोआप’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो तिथेच.

राउटर खात्रीने लाईन बदलतो तो पोर्ट डाऊन झाल्यावर. खोदकामात फायबर दोन किलोमीटरवर तुटली, तरी तुमच्या रॅकमधला ओएनटी (फायबर जिथे संपते तो डबा) चालूच असतो आणि त्याचा इथरनेट पोर्ट अप दिसतो. ओएनटी राउटर मोडमध्ये असेल तर गेटवेला (राउटरच्या पुढच्या टप्प्याला) पाठवलेल्या पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या तपासणीला, उत्तरही मिळतं, कारण गेटवे म्हणजे तो ओएनटीच. म्हणून तपासणी बाहेरच्या पत्त्यांची हवी: ८.८.८.८ आणि १.१.१.१ असे वेगवेगळ्या मालकांचे दोन पत्ते घ्या, आणि दोन्ही बंद पडले तरच लाईन गेली असं धरा. दर ५ सेकंदांनी पिंग आणि सलग ३ चुकले की बदल, म्हणजे साधारण १५ ते २० सेकंद. याहून घाई केली तर जरासा पॅकेट लॉस (थोडा डेटा वाटेत हरवणं) झाला तरी लाईन बदलत राहते.

आता सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट. हे पिंग पहिल्या लाईनवरूनच गेलं पाहिजे. त्यासाठी दोन्ही पत्त्यांचे /३२ (फक्त त्या एकाच पत्त्याला लागू) स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने ठरवलेले मार्ग, पहिल्या गेटवेकडे टाका, आणि सोबत जास्त मेट्रिकचा (कमी पसंतीचा) ब्लॅकहोल रूटही, जो पहिला मार्ग नाहीसा झाला तर ते पिंग टाकून देतो. ते नसले तर काय होतं? लाईन पडते, राउटर दुसरीवर जातो, पिंगही दुसरीवरून जाऊन यशस्वी होतं, राउटर पहिली बरी झाली असं समजून परत तिच्यावर येतो आणि पुन्हा पडतो. लोक म्हणतात ‘नेट येतंय-जातंय’, आणि बोल लागतो बिचाऱ्या दुसऱ्या आयएसपीला. हेच पत्ते पीसीवर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) म्हणून देऊ नका. पहिली लाईन बंद असताना ते पोहोचणारच नाहीत.

परतीचीही घाई नको. पहिली लाईन सलग ५ मिनिटं नीट चालल्यावरच तिच्यावर या, कारण प्रत्येक बदलात बाहेरचा पत्ता बदलतो आणि चालू टीसीपी सेशन (जोडण्या) तुटतात. एसआयपी (इंटरनेटवरून चालणाऱ्या) फोनचं दुखणं वेगळं आहे. त्यांची जुन्या लाईनची यूडीपी नोंद राउटरच्या नॅट टेबलमध्ये (आतल्या-बाहेरच्या पत्त्यांच्या यादीत) राहते, फोनचे कीपअलाइव्ह (ठराविक वेळाने जाणारे छोटे संदेश) तिला संपू देत नाहीत आणि फोन मुके होतात. बदल होताच कनेक्शन टेबल साफ करणारी स्क्रिप्ट लावा.

दुसरी लाईन ४जी असेल तर बहुधा सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देण्याच्या व्यवस्थेमागे) असते, त्यामुळे शाखा आणि मुख्य ऑफिस जोडणारा आयपीसेक व्हीपीएन टनेल शाखेकडूनच सुरू व्हायला हवा, यूडीपी पोर्ट ४५०० वरून. दोन्ही टनेल कायम चालू ठेवा आणि बदल फक्त रूटच्या मेट्रिकने करा. एमएसएस (एका टीसीपी पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) १३५० बाइटच्या आसपास बांधा, नाहीतर पिंग जातं, लॉगिन होतं आणि मोठा रिपोर्ट मात्र लटकतो. मुख्य ऑफिसला एकच लाईन असेल, तर शाखेत दोन घेऊन ईआरपी वाचत नाही.

आयएसपी दोन असले तरी इमारतीत शिरणारा डक्ट (केबलची नळी) एकच असतो, असं खूप ठिकाणी दिसतं. फायबर कुठून येते हे लाईनमनला सोबत घेऊन पाहा. राउटर यूपीएसवर आणि ओएनटीचा अडॅप्टर साध्या सॉकेटमध्ये, हेही सर्रास आढळतं.

यात बीजीपी नाही, महागडं यंत्रही नाही. स्क्रिप्ट चालवू शकणारा राउटर आणि अर्ध्या दिवसाचं काम आहे. तपासताना राउटर-ओएनटीमधली लॅन केबल काढू नका, त्याने फक्त पोर्ट डाऊनची चाचणी होते. ओएनटीचा फायबर पॅचकॉर्ड काढा, टोकाला टोपी लावा, एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागू द्या आणि ईआरपीत मोठा रिपोर्ट चालू असताना किती सेकंद जातात ते मोजा.