चुका न सुधारणं हीच तर पद्धत

‘कॅनव्हास अपुरा पडला की चित्रकार कादंबरीकडे वळतो’ हे चित्रकारांच्या पुस्तकांवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मग अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचं काय करायचं? त्याची १९६८ची ‘ए, अ नॉव्हेल’ म्हणजे ऑन्डीन या मित्राच्या अखंड बडबडीच्या टेप, टाइपिस्ट बसवून उतरवून घेतलेल्या. प्रकरणांना नावं नाहीत, टेपचे आकडे. स्पेलिंगच्या चुका, कोण बोलतंय याचे घोळ, सगळं तसंच छापलंय. व्हेल्वेट अंडरग्राउंड या रॉक बँडची ड्रमर मॉरीन टकर टाइप करणाऱ्यांत होती, तिने शिव्या टाइप करायला साफ नकार दिला! त्याच्या सिल्कस्क्रीनमध्ये, म्हणजे जाळीतून रंग दाबून छापलेल्या चित्रांत, रंग सरकला तर सरकू द्यायचा, तोच खाक्या इथे. कॅनव्हास अपुरा वगैरे नव्हता, फक्त यंत्र बदललं.

मी स्वतः मुलाखती उतरवून देण्याची कामं घेते. ‘अं’, ‘म्हणजे कसंय ना’, दोघं एकदम बोलले तो गोंधळ, हे सगळं गाळूनच फाइल पाठवायची. पैसे त्याचेच मिळतात. त्यामुळे हे पुस्तक उघडलं तेव्हा आधी चीडच आली. सलग वाचवत नाही, हेही खरं. पण जे मी रोज ऐकते आणि रोज पुसते, ते त्याने छापलंय. आपल्या चित्रकार प्रभाकर बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ उत्तमच, पण ते चित्राविषयीचं चिंतन. लेखात कादंबरी आणि असं चिंतन दोन्ही एकाच पंगतीला बसवलीत, तिथे गल्लत झाली.