पाणी सहा तासांत उतरलं म्हणून भांड्यांचे पैसे नाहीत

पोस्ट लांब झालीय, चहा घेऊन बसा.

माझी आत्या गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर दिलेली. नार्वेच्या धक्क्यावर फेरीत बसलं की पलीकडे पोचायला कितीसा वेळ, पण पूल नाही, त्यामुळे वारा-पाऊस वाढला की फेरी बंद आणि बेट खरंच बेट होतं. दोन पावसाळ्यांमागे अमावास्येच्या भरतीला वरून मांडवीचा लोंढा आणि खालून समुद्राचं पाणी, त्यात मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, बांध फुटला आणि रात्री खारं पाणी आत्याच्या घरात गुडघाभर. सकाळी ओहोटीला उतरलं, दुपारच्या भरतीला परत आलं, परत उतरलं.

मी पोचलो तेव्हा ती पुरुमेंताचे डबे उपडे करत बसलेली. उकडे तांदूळ, सुके बांगडे, सोलं, मिरच्या, मे महिन्यात उन्हात राबून भरलेला चार महिन्यांचा सगळा साठा. मी फोटो काढायला लागलो तर म्हणाली, "फोटो मागीर काढ रे बाबा, पयली ही गादी धर."

आता हे ऐका. त्या वेळी आपत्ती मदतीचे केंद्राचे 2022 ते 2026 चे निकष लागू होते, त्यात कपड्यांना 2,500 आणि भांडी-सामानाला 2,500 मिळायचे, पण कधी, घर वाहून गेलं किंवा पूर्ण पडलं तर, नाहीतर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर. भरतीचं पाणी दोन दिवस थांबतं का कधी? ते सहा तासांत जातं, बारा तासांत परत येतं. हा नियम लिहिणाऱ्याने खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन, बघितलेलीच नाही. पुरुमेंताचा रकाना तर कुठेच नाही.

भिंतीचं वेगळंच. मातीची भिंत पाण्यात असतानाच पडते असं नाही, आतून भिजत राहते आणि नंतर बसते. आत्याची नवव्या दिवशी बसली आणि पंचनामा झाला होता चौथ्या दिवशी! कच्च्या घराचं निदान 15 टक्के नुकसान दाखवलं तर 4,000, पक्क्याला 6,500. शेताला पावसाळी पिकाचे हेक्टरी 8,500, म्हणजे तिच्या 2,000 चौरस मीटरच्या तुकड्याला 1,700. राज्याचा शेतकरी आधार निधी त्यापेक्षा बरा, पण तोही लगेच हातात पडत नाही. त्यात जमीन भाटकाराची म्हणजे जमीनमालकाची, आत्याच्या घरचे मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे, घरपट्टी मेलेल्या सासऱ्याच्या नावावर. कचेरीत म्हणाले नाव बदलून आणा. पूर आलाय हो बाबांनो, वारसा हक्काचा दावा नाही.

माझं म्हणणं एवढंच की पूर आल्यावर फॉर्म वाटायला सुरुवात करू नका, यादी आधीच सरकारकडे आहे. गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे 1,500 दर महिन्याला कोणाच्या खात्यात जातात ते माहीत आहे, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतल्या म्हाताऱ्यांची, विधवांची खाती माहीत आहेत. बेटावरच्या ज्या वाड्यात म्हणजे वस्तीत पाणी शिरलं तिथल्या या सगळ्या खात्यांत तिसऱ्या दिवशी 5,000 टाका, पंचनामा सावकाश करा आणि उरलेले पैसे मागीर द्या.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. फिजीत फेब्रुवारी 2016 मध्ये विन्स्टन चक्रीवादळ आलं, 44 माणसं गेली. तिथल्या सरकारने गरिबांच्या भत्त्याची जी यादी चालू होती तिच्यावरच जादा पैसे दिले, गरिबी भत्त्यावाल्यांना तीन महिन्यांचे एकदम. नोकरीवाल्यांना प्रॉव्हिडंट फंडातून काढायला दिले. शेकडो बेटांचा देश, घरोघर जाऊन पंचनामे करत बसले असते तर काय झालं असतं बघा.

यादीत भोकं आहेत, मान्य. गृह आधारला गोव्यात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो, म्हणजे भाड्याच्या खोलीतलं बाहेरगावचं कुटुंब बाहेरच, एकटा होडीवाला बाहेर. त्यांची नावं पंचायतीने पावसाआधीच लिहून ठेवावीत, पंचांना वाड्यातलं घर न घर ठाऊक असतं (मतांच्या वेळी तर नक्कीच). आणि उलट, बेटावर कुलूप लावलेली मोठी मोठी घरं आहेत, मालक पोर्तुगाल नाहीतर लंडनला, म्हणून सरसकट वाटायला माझा विरोध आहे.

पैसा कुठून? राज्य आपत्ती निधीत आपल्यासारख्या राज्याला केंद्र 75 टक्के देतं, राज्य 25. त्यातला 10 टक्क्यांपर्यंत राज्याने स्वतः ठरवलेल्या स्थानिक आपत्तींवर खर्च करता येतो. बांध फुटणं त्यात घाला की.

आणि आपण लोक. त्या वेळी आमच्या ग्रुपने जुने कपडे गोळा केले, त्यात जीन्स, ब्लेझर आणि एक लग्नातला शालू निघाला. फेरीतून सात पोती नेली. आत्याने त्यातली एक चादर घेतली, बाकीची पोती देवळाच्या मंडपात चतुर्थीपर्यंत पडून, शेवटी आम्हीच परत आणली. मीच होतो पुढे, म्हणून बोलतो. फेरीची गाडी, टेम्पो, पेट्रोल यावर जे गेलं त्यात दोन घरांचे सिलिंडर भरले असते.

आत्याचे 4,000 शिगम्याला आले. भिंत तिने दसऱ्यालाच चिऱ्याची घातली होती, भिशीतून उचलून. भिशीचे हप्ते या चतुर्थीला संपतील म्हणते.